सहाव्या जनावराची हाक

सुरुवातीलाच माफी मागतो. नववीनंतर माझा शाळेशी संबंध राहिला नाही. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, आणि मोठे मोठे शब्द तर मला येतच नाहीत. जे घडलं ते साध्या बोलीत सांगतो, सांभाळून घ्या. जरा दिव्याजवळ सरकून बसा म्हणजे झालं. गोष्ट आदर्शची आहे, गडमुडशिंगीच्या. तो माझ्या इतका जवळचा आहे की त्याच्या मनातलंही मला ठाऊक आहे असं समजा.

मार्गशीर्षातला बुधवार होता. दुपारचं जेवण झाल्यावर आईनं आदर्शला सांगितलं, "कोल्हापुरात जाऊन एक नवं दावं घिऊन ये. चांगलं सुताचं आण, टोचणारं नको."

आदर्शनं मान हलवली. दावं कशाला हे त्यानं विचारलं नाही. त्यांच्या घरात जनावर विकलं तर त्याच्या गळ्यातलं जुनं दावं सोबत देत नाहीत. जुनं दावं गोठ्यातच ठेवायचं आणि जनावर नव्या दाव्यानं पाठवायचं. जुनं दावं गेलं तर गोठ्याची बरकतही त्याच्या मागून जाते, असं मानतात. म्हणजे काजळी म्हैस विकायची हे नक्की झालं होतं. उद्या सकाळी नऊ वाजता व्यापारी टेम्पो घेऊन येणार होता.

काजळी त्याच्या भावाची, सम्राटची. सम्राट त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. रेडकू होती तेव्हापासून त्यानं तिला वाढवली. दिवाळीच्या पाडव्याला तो तिच्या शिंगांना रंग द्यायचा, मोरपिसांचा तुरा बांधायचा, गळ्यात कवड्यांची माळ घालायचा, आणि सायलेन्सर काढलेली मोटरसायकल घेऊन रस्त्यावर निघायचा. मग हजार माणसांच्या गर्दीतून ही काळी म्हैस त्याच्या गाडीच्या आवाजामागं धावत सुटायची. लोक शिट्ट्या मारायचे. आदर्श कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर, माणसांच्या पाठीमागं उभा राहून बघायचा. त्याला गर्दीत घाम फुटतो. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं तर त्याचा घसा बंद होतो. शाळा सुटली ती त्यामुळंच. वर्गात उभं राहून धडा वाच म्हणून गुरुजींनी सांगितलं, की हा अर्धा तास नुसता उभा.

सम्राटला ते माहीत होतं. आदर्शला काही सांगायचं असलं की सम्राट मुद्दाम दुसरीकडं बघायचा. खिडकीतून बाहेर, नाहीतर हातातल्या खुरप्याकडं. कुणी बघत नसलं की आदर्शला बोलता यायचं.

हा सम्राट गेल्या आषाढात चार दिवसांच्या तापानं गेला. पंचवीस वर्षांचा होता.

काजळी तेव्हा गाभण होती. वीस दिवसांमागं व्याली. रेडी झाली, चांगली गुटगुटीत. पण काजळीनं पान्हा सोडला नाही. कास दगडासारखी तटतटून भरायची, आणि हात लावला की लाथ. रेडीलासुद्धा जवळ येऊ देत नव्हती. आईनं सरकी चारली, पाठ थोपटली, हातापाया पडायची तेवढी बाकी राहिली. शेजारचे केरबाकाका आले. गावात जनावरांचं त्यांना फार कळतं. त्यांनी गोठ्याच्या दारात उभं राहून अशी काही हाक मारली, की बाजूच्या गल्लीतल्या तीन म्हशी दावी तोडून आल्या.

"ही सोडून समदी आली," केरबाकाका म्हणाले. "वहिनी, हिला म्या पटलो न्हाई."

खरी अडचण अशी होती, की सम्राट तिला कशी हाक मारायचा हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. धार काढायच्या वेळी तो सगळ्यांना गोठ्याबाहेर घालवायचा. दृष्ट लागते म्हणायचा. आत गेल्यावर तो हळू काहीतरी बोलायचा, आणि मग कासंडीत धारेचा आवाज सुरू व्हायचा. डॉक्टरनं इंजेक्शनं दिली, पण मागच्या आठवड्यात तोही म्हणाला, असं किती दिवस चालवणार? कास सडेल, मग जनावरच हातचं जाईल. ज्याच्या हाताला ती पान्हा सोडेल अशा कुणाच्यातरी गोठ्यात द्या.

म्हणून ते दावं.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारात आदर्शनं दावं घेतलं आणि पिशवीत घालून तो सम्मेदच्या दुकानात गेला. सम्मेद मोबाईल दुरुस्त करतो. आठ दिवसांमागं आदर्शनं त्याच्याकडं एक जुनं खेळायचं यंत्र टाकलं होतं. डब्यासारखं उघडणारं, दोन काचांचं. चंदगडच्या मामानं गोव्याहून आणलेलं. लहानपणी दोघा भावांनी त्याच्यावर एकच गेम खेळली होती.

"तुमचा डबा जिवंत हाय अजून," सम्मेद म्हणाला. "सेल फुगलावता, दुसरा बसवला. पण स्पीकर गेलाय बरं का. त्यो आता कुठं मिळत न्हाई. हेडफोन लावून ऐका."

"माईक?" आदर्शनं हळूच विचारलं.

"माईक चालू हाय. कुणाशी बोलायचंय डब्यातनं?"

आदर्शनं डबा पिशवीत दाव्यावर ठेवला आणि पैसे पुढं केले.

आता ती गेम कशी होती ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. जंगलातून, डोंगरातून फिरायचं. तिथं चित्रविचित्र जनावरं भेटतात, ती पकडायची, आपल्या गोठ्यात बांधायची, वाढवायची आणि दुसऱ्यांच्या जनावरांशी झुंजवायची. सगळ्यात शेवटी एका डोंगराच्या माथ्यावर एकजण आसनावर बसलेला असतो. गेममध्ये त्याला चॅम्पियन म्हणतात. सम्राट त्याला वस्ताद म्हणायचा. वस्तादाकडं सहा जनावरं असतात. सहाही पाडली की ते आसन आपलं. आणि त्याच यंत्रावर पुढं दुसरं कुणी खेळायला बसलं की त्याला शेवटी तिथं आपण बसलेले दिसतो, आपल्या नावासकट, आपल्या सहा जनावरांसकट.

सम्राटनं ती गेम सतरा वर्षांचा असताना पुरी केली. तेव्हापासून त्या डोंगरावर सम्राट बसलेला होता. आदर्शला तो म्हणायचा, "आद्या, मला पाड, मग तुला मानतो." आदर्शला तो कधी पाडता आला नाही. तिसऱ्या जनावराच्या पुढं तो गेलाच नाही. कारण त्या गेममध्ये एक खोच होती. प्रत्येक जनावराला नाव देता यायचं, आणि यंत्राच्या बारक्या भोकात तोंड घालून त्याची हाकही भरून ठेवता यायची. झुंजीत बटण दाबलं तर जनावर अर्ध्या ताकदीनं मारायचं. तोंडानं हाक मारली तर पुऱ्या ताकदीनं. आदर्श आयुष्यभर बटण दाबत आला होता.

आणि सम्राटनं आपल्या सहा जनावरांना घरच्या म्हशींची नावं दिली होती. सहावीचं नाव काजळी. ती नुकतीच घरी आली होती त्या वर्षी. वस्ताद ज्या वेळी आपलं जनावर पुढं काढतो त्या वेळी त्याची भरलेली हाक ऐकू येते. म्हणजे सम्राट काजळीला कशी हाक मारतो हे ह्या जगात आता एकाच ठिकाणी राहिलं होतं. त्या डब्यात, पाच जनावरांच्या पलीकडं.

आदर्श घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. थंडीचे दिवस, सव्वासहालाच अंधारतं. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, हवेत मळीचा आंबूस वास भरला होता. विमानतळाच्या बाजूला लाल दिवा उघडझाप करत होता. आई घरामागच्या परड्यात शेणी गोळा करत होती. आदर्शनं नवं दावं सोप्यातल्या खुंटीला अडकवलं आणि शिडीनं गोठ्यावरच्या माळ्यावर गेला. तिथं कडबा भरलेला असतो. दिवा त्यानं लावला नाही. हा ऐन तिन्हीसांजेला गेम खेळत बसलाय हे आईला कळलं असतं तर तिला काय वाटलं असतं? फळ्यांच्या फटीतून खाली काजळीची पाठ दिसत होती. ती उभीच होती. हल्ली ती बसत नसे.

त्यानं हेडफोन कानात घातले आणि यंत्र उघडलं. काच उजळली. कडब्यावर निळसर उजेड पडला.

डोंगराचा माथा. आसन. त्यावर तो बारका माणूस, आडवी टोपी घातलेला. सम्राटनं निवडलेलं चित्र. खाली इंग्रजी अक्षरात त्याचं नाव.

पहिलं जनावर पुढं आलं, मैना. "मैने… ये," कानात सम्राटचा आवाज आला.

ही हाक आदर्शनं पूर्वी पन्नास वेळा ऐकली होती, पण सहा महिन्यांत सम्राटचा आवाज ऐकला नव्हता. मागं फटाके वाजत होते. हाक भरली तेव्हा दिवाळी असणार. त्यानं डोळे पुसले आणि बटणावर अंगठा ठेवला. मग अंगठा काढला.

बटणानं आज भागणार नव्हतं.

त्याच्या जनावरांत एकालाच त्यानं नाव दिलं होतं. पाठीवर काटे असलेलं कासवासारखं एक जनावर होतं, त्याचं नाव पिंट्या. आदर्शनं यंत्र तोंडाजवळ धरलं आणि स्वतःलाही ऐकू येणार नाही अशा आवाजात म्हणाला, "पिंट्या."

यंत्रानं ऐकलं. पिंट्यानं मैनेला एका धडकेत पाडलं.

इतकी वर्षं हे एवढंच होतं.

दुसरी आली, तांबडी. तिच्या हाकेमागं कुणीतरी खोकलं. वडील. बाळासो. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. तिसरी सुंदर. तिच्या हाकेमागं एक बारीक पोरगा म्हणत होता, "दादा, मला दे की. दादा." तो आदर्शच होता, बारा वर्षांचा. ह्या दोन्ही हाका त्याच्या ओळखीच्या होत्या. तो कुजबुजत गेला, पिंट्या मारत गेला. सुंदर पडली.

आता पुढं तो कधी आलेला नव्हता.

"चंद्रे… हिकडं," सम्राट म्हणाला. आणि त्याच्या आवाजामागं मोटरसायकल वाजत होती. सायलेन्सर काढलेली, फाटक्या आवाजाची.

आदर्श थांबला. ही हाक भरली त्या साली घरात मोटरसायकल नव्हती. सायकल होती. गाडी पाच वर्षांनी आली. आणि तो आवाज त्याच गाडीचा होता. चढाला लागली की मधेच ठसका लागल्यासारखी ती एकदा चुकायची, तशी आताही चुकली. शेजारची असेल, त्यानं मनाला सांगितलं. केरबाकाकांची जुनी असेल. त्यानं फटीतून खाली, मग गोठ्याच्या उघड्या दारातून अंगणात बघितलं. सम्राटची गाडी ताडपत्रीखाली होती. आषाढापासून तिला कुणी किक मारली नव्हती.

चंद्री पडायला वेळ लागला. आदर्शची दोन जनावरं गेली. आता तो कुजबुजत नव्हता, हळू पण नीट आवाजात बोलत होता, आणि ते त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

पाचवी. बिजली.

हाकेच्या आधीच मागचा आवाज सुरू झाला. रेडकाचं ओरडणं. कोवळं, घोगरं. मग आईचा आवाज, लांबून: "आद्या, चहा उतू गेला बघ. खाली ये." मग फरशीवर झाकण पडल्याचा आवाज. मग सम्राटची हाक.

आदर्शनं घाईनं दोन्ही कानांतले हेडफोन काढले. "आलो गं," तो म्हणाला.

खाली कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात दिवासुद्धा नव्हता. आई अजून परड्यात होती. तिच्या शेणी रचण्याचा थप थप आवाज येत होता. रेडी कोपऱ्यात मुटकुळं करून झोपली होती.

यंत्र मिटावं असं आदर्शला वाटलं. झाकण अर्धं मिटलंही. पण मिटलं की झुंज पहिल्यापासून सुरू, आणि सकाळी नऊला टेम्पो. त्यानं झाकण उघडलं. एक हेडफोन उजव्या कानात घातला. डावा कान त्यानं मोकळा ठेवला, बाहेरचं ऐकायला.

"पिंट्या. मार," तो म्हणाला.

बिजली अर्धी झाली. त्याचं एक जनावर गेलं. मग अजून एक. खाली परड्याचं दार वाजलं. आई आत आली, चुलीपाशी गेली, भांडी हलली. आदर्शचं अर्धं लक्ष काचेत आणि अर्धं खाली होतं. चार-पाच मिनिटं गेली असतील. बिजली पडायला आणि रेडी ओरडायला एकच गाठ पडली. कोवळं, घोगरं ओरडणं.

"आद्या," आईनं स्वयंपाकघरातून हाक दिली, "चहा उतू गेला बघ. खाली ये."

आणि फरशीवर झाकण पडलं.

तो जागेवरून हलला नाही. त्याला हलता येईना. कडब्याच्या वासात दुसरा एक वास मिसळला होता. सम्राट उन्हाळ्यात डोक्याला आवळ्याचं तेल लावायचा, तो वास. फार नव्हता. कुणीतरी नुकतंच शेजारून उठून गेल्यावर राहतो तेवढा.

काचेवर वस्तादानं सहावं जनावर पुढं काढलं. काळं, शिंगाचं. काजळी.

ह्यासाठीच सगळं केलं होतं. उजव्या कानात आवाज सुरू झाला. हाक नव्हती. नुसता श्वास. आत, बाहेर… कुणीतरी घाबरून घेत असलेला. मग कडबा खसखसला. आदर्शनं गुडघा जरा हलवला होता. त्याच्या गुडघ्याखालचा कडबा खसखसला, आणि कानातलाही खसखसला. तो श्वास त्याचाच होता. आताचा.

मग अगदी हळू, सम्राट बोलला.

"आद्या… तूच मार हाक. माझी तिला ऐकू जात न्हाई आता…"

तो आवाज डाव्या कानात आला होता. ज्या कानात हेडफोन नव्हता.

आदर्शनं मान वळवली नाही. डावीकडं कडब्याची गंजी होती हे त्याला माहीत होतं. तरी वळवली नाही. काचेवर माईकचं चिन्ह उघडझाप करत होतं. त्यानं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पिंट्या जागेवर उभा, एका फटक्याचा जीव उरलेला. समोर काजळी. तीही मारत नव्हती. नुसती उभी होती, खालच्या काजळीसारखी.

आणि आसनावरच्या त्या बारक्या माणसानं तोंड फिरवलं.

त्या गेममध्ये ते चित्र कधी हलत नाही. आदर्शनं ते हजार वेळा पाहिलं होतं. आता त्या माणसानं मान वळवून डोंगराच्या पलीकडं कुठंतरी बघायला सुरुवात केली. कुणी लाजरं माणूस बोलायच्या बेतात असावं, आणि आपण त्याच्याकडं बघू नये, तसं.

आदर्शनं यंत्र तोंडाजवळ घेतलं. भीती होतीच. पण ती आता परक्याची राहिली नाही.

"काजळे," तो म्हणाला. आवाज फाटला.

काही झालं नाही.

"काजळे… ये गं."

खाली दाव्याची कडी वाजली.

त्यानं यंत्र मांडीवर ठेवलं. तो उठून उभा राहिला, डोकं तुळईला लागलं. सम्राट कशी मारायचा ते त्याला माहीत नव्हतं, आणि आता कळण्याची सोयही राहिली नव्हती. त्यानं डोळे मिटले आणि पोटातून, जसं आलं तसं, ओरडला.

"काजळेऽ, ये गं माझी बाय. ये. हिकडं ये."

मग भिंतीपलीकडून केरबाकाकांचा आवाज आला, "कोण रं त्यो? कुणाचा गळा म्हणायचा ह्यो?"

तेवढ्यात खाली काजळी हुंकारली. खोल, लांबलचक हुंकार. आषाढापासून ती अशी एकदाही हुंकारली नव्हती.

आदर्शनं खाली बसून यंत्र उचललं. काचेवर काळी काजळी सावकाश चालत मधली रेघ ओलांडून त्याच्या बाजूला आली होती आणि पिंट्याशेजारी उभी राहिली होती. वस्तादाकडं आता एकही जनावर नव्हतं. आसन रिकामं होतं.

तो शिडी उतरला तेव्हा आई गोठ्याच्या दारात कपबशी धरून उभी होती. चहा बशीत सांडला होता.

"तू ओरडलास?" तिनं विचारलं.

"व्हय."

"तू?"

"व्हय गं आई."

तिनं त्याच्याकडं आणि मग काजळीकडं बघितलं. म्हशीनं दावं ताणून तोंड शिडीकडं केलं होतं. आईनं पदरानं तोंड पुसलं. "तिला लगीच हात लावू नगं," ती हळू म्हणाली. "बुजली असंल. सकाळी बघू. न्हाईतर टेम्पो हायच."

रात्री आदर्शला झोप लागली, हे त्याचं त्यालाच नवल वाटतं.

पहाटे साडेपाचला तो उठला. तोंड धुतलं, कासंडी घासून घेतली आणि गोठ्यात गेला. बाहेर धुकं होतं. आईला त्यानं दारातच थांबवलं.

"दृष्ट लागती व्हय माझी?" आई म्हणाली.

"तसं न्हवं. मला लाज वाटती."

"बरं बाबा. मी तोंड फिरवते." आणि ती खरंच भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

आदर्शनं काजळीचं दावं सोडलं, पाच पावलं मागं आला आणि हाक मारली. कालचीच, त्याची स्वतःची. आवाज घोगरा होता, पण फाटला नाही. काजळीनं कान हलवले. एक पाय उचलला, ठेवला. मग ती चालत आली आणि त्याच्यासमोर आडवी उभी राहिली. तो उकिडवा बसला. कासेला हात लावला. लाथेची वाट बघत तो क्षणभर थांबला. लाथ आली नाही. पहिली धार कासंडीच्या तळावर वाजली, मग दुसरी, मग आवाज भरीव होत गेला. रेडी कोपऱ्यातून उठली आणि पलीकडून आचळाला लागली. काजळीनं तिला चाटलं.

आईनं भिंतीकडंच तोंड ठेवून व्यापाऱ्याला फोन लावला. "पावणं, टेम्पो काढू नगासा," ती म्हणाली. थोडा वेळ तिनं पलीकडचं ऐकून घेतलं. "न्हाई, दर कमी म्हणून न्हवं. म्हसरू द्यायचं न्हाई. चहाला या कधीतरी." मग तिनं फोन कमरेला खोचला, आणि तिचे खांदे हलू लागले. आदर्शनं धार काढणं थांबवलं नाही.

कासंडी निम्मी झाली होती. त्या वेळी काजळीनं मान वळवली. आदर्शच्या डाव्या बाजूला मोकळी जागा होती, तिथं तिनं तोंड नेलं. आणि तिथं, उकिडव्या बसलेल्या माणसाच्या मनगटाच्या उंचीवर, ती हवेतच चाटू लागली. सावकाश, खालून वर. खारट घामाला जनावर जसं चाटतं तसं. तिची खरखरीत जीभ प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी अडून वळत होती.

आदर्शनं तिकडं बघितलं नाही. त्यानं कासंडी गुडघ्यांत घट्ट धरली, आणि डावीकडं नीट बसायला जागा व्हावी म्हणून तो वीतभर उजवीकडं सरकला.